विहिरीतली खिडकी

गावंडे सरांच्या उजव्या अंगठ्याचं नख वाढलेलं असायचं. बाकीची नखं शाळकरी पोरासारखी बारीक कापलेली आणि हे एकच पुढे आलेलं, कडेला कायम मातीची रेघ असलेलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला किळस आली होती. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात मी नुकताच इतिहास शिकवायला लागलो होतो आणि स्टाफरूममध्ये माझं टेबल त्यांच्या शेजारी आलं होतं. मी कुठे पाहतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"हे माह्यं पयलं हत्यार हाये," ते म्हणाले. "हातोडा मागून. कोणताबी दगड हाती आला का पयले नख मारून पाहाचं. नखानं निघते का नाही एवढं समजलं, का अर्धी ओळख झाली."

एवढं बोलून त्यांनी माझ्या नव्याकोऱ्या टेबलावर नख ओढलं. "सागवान म्हणून आणलं अशीन कोणी. पुठ्ठा हाये हा." टेबलावरचा तो ओरखडा मी कॉलेज सोडेपर्यंत तसाच होता.

भास्कर गावंडे भूगर्भशास्त्र शिकवायचे. त्यांच्या हातून काही सुटायचं नाही. पानठेल्यावरची फरशी, बँकेची पायरी, कोणाच्या नव्या घराचा ओटा, सगळ्यावर ते नख फिरवून बघायचे. कौंडण्यपूरला जत्रेत आम्ही एकत्र गेलो होतो. गर्दी देवाच्या पायरीवर डोकं टेकवत होती आणि हे उकिडवे बसून पायरी खरवडत होते. मागची एक म्हातारी करवादली, "अवं भाऊ, पाया पडा नं! खाजवता काहून?" सर मुकाट्याने पाया पडले आणि उठताना माझ्या कानात म्हणाले, "दुरून आणला हाये दगड. इथला नाही." मला त्या वेळी हसू आवरेना. आता त्या नखाची आठवण झाली की हसू येत नाही.

त्यांचा विभाग म्हणजे दुसरीकडे प्रवेश न मिळालेल्या पोरांचा तळ. अभ्यासक्रमात सुरुवातीला एक लहानसं प्रकरण होतं, पृथ्वी कशी घडली याबद्दल माणसांनी आजवर काय काय मानलं त्याचा इतिहास. इतर कॉलेजांत ते एका तासात उरकायचे. सर ते दिवाळीपर्यंत लांबवायचे. मग खनिजं नि जीवाश्म धापा टाकत संपवायचे. प्राचार्यांनी बोलावून समज दिली की म्हणायचे, "सर, दगडाचे नावं गाइडात भेटतात. डोकं कसं चाललं ते गाइडात भेटत नाही." मी इतिहासाचा माणूस म्हणून माझ्यावर त्यांचा विशेष लोभ. मला ते 'इतिहासवाले' म्हणायचे आणि वर डिवचायचे, "तुमचा इतिहास म्हंजे सकाळचा पेपर हो. अजून शाई ओली हाये."

फ्रान्समधल्या एका सरदाराची गोष्ट ते सांगायचे. त्याचं म्हणणं, पृथ्वी आधी तापलेला गोळा होती आणि हळूहळू निवाली. म्हणून त्याने लहानमोठे लोखंडी गोळे लालबुंद तापवले, ते निवायला किती वेळ लागतो ते पाहिलं आणि त्यावरून पृथ्वीएवढ्या गोळ्याचा अंदाज बांधला. एका वर्षी सरांना वाटलं, नुसतं सांगून काय उपयोग. त्यांनी जिमखान्यातला गोळाफेकीचा गोळा उचलला आणि वर्ग घेऊन थेट लोहाराच्या भट्टीवर गेले. गोळा तापला, बाहेर काढला, पोरं भोवती बसली. दर थोड्या वेळाने कोणीतरी बोट पुढे करायचं नि मागे घ्यायचं. एका पोरीने घाई केली, बोटाला फोड आला, सरांनी स्वतः टूथपेस्ट आणून लावली. गोळ्याचा रंग गेला तो गेलाच. खेळाचे सर पुढे गॅदरिंगपर्यंत त्यांच्याशी बोलत नव्हते.

"आकडा चुकला त्या सरदाराचा," सर पोरांना म्हणाले. "लय चुकला. पण त्याच्या आधी लोक पोथीतल्या पिढ्या मोजून पृथ्वीचं वय सांगत होते. यानं पयल्यांदा हात भाजून घेतला. हात भाजून चुकणारा माणूस मले पसंत हाये."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. पुढे त्याचा मला राग यायला लागला.

त्यांची खरी लाडकी गोष्ट मात्र दुसरी होती. जर्मनीत एका खाणशाळेत एक मास्तर होता. इतकं गोड शिकवायचा की देशोदेशीची पोरं त्याच्याकडे यायची. त्याचं सांगणं असं, की सगळा दगड पाण्यातून आला. पृथ्वीवर आधी एकच समुद्र होता, त्याच्या तळाशी थरावर थर बसत गेले, तेच खडक. आपल्या वऱ्हाडात विहिरीला लागतो तो काळा दगडही त्याच्या मते समुद्रातलाच. मास्तर फारसा कुठे फिरलेला नव्हता. त्याची लाडकी पोरं शिकून बाहेर पडली, फ्रान्समध्ये गेली, तिथे विझलेले ज्वालामुखी पाहिले. डोंगराच्या तोंडातून काळा दगड खाली वाहत आलेला त्यांना समोर दिसला. दगड आगीतून आला होता.

इथे सर थांबायचे. खडू खाली ठेवायचे. "आता सांगा. तुमी त्या मास्तरचे लाडके पोट्टे हा. त्याच्या हातचं खाल्लं, त्याच्या घरी राह्यले. आता त्याले काय जाऊन सांगसान?"

दरवर्षी पोरं निरनिराळी उत्तरं द्यायची. एकदा दर्यापूरकडचा एक मुलगा उभा राहिला नि म्हणाला, "सर, मी त जाणारच नाही मास्तरकडे. कायले त्याचं मन दुखवाचं?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्याच्या बाकापाशी गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जा लागते, बापा," म्हणाले. "सांगा लागते."

मग यायची विहिरीची सहल. सरांचं गाव मोझरीच्या अलीकडे, काळ्या जमिनीचं. तिथे त्यांचे थोरले भाऊ, वसंतदादा, शेती बघायचे. दादा शाळा सोडून नांगराला लागले म्हणून भास्कर अमरावतीला शिकला, हे सर सगळ्यांना सांगायचे आणि दादा समोर असले की दादाच उठून बैल बघायला जायचे. फार कमी बोलणारा माणूस. पोरांची बस आली की पायरीवरचं शेवाळ घासून ठेवलेलं असायचं, दोर बांधलेला असायचा, हरभऱ्याच्या दिवसांत हुळा भाजून तयार असायचा. वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, चुलीपाशी. सगळ्या वर्गाचा झुणका-भाकर त्या एकट्या करायच्या आणि वाढताना विचारायच्या, "पाह्यलं काय रे?" पोरं म्हणायची, "हो काकू, मस्त हाये." वहिनी स्वतः कधी विहिरीत उतरल्या नव्हत्या. त्यांना तेवढा वेळ कोणी दिलाच नव्हता.

त्या विहिरीत वरून काळी माती, मग मुरूम, मग काळा दगड, आणि काळ्या दगडाच्या मधोमध हातभर रुंदीचा एक लालभडक पट्टा होता. त्याच्या खाली पुन्हा काळा दगड. पोरं पायऱ्यांवर दाटीवाटीने उभी राहायची आणि सर पट्ट्यावर हात ठेवून बोलायचे. "वरचा दगड आगीचा, खालचा दगडबी आगीचा. खालचा आधी वाहत आला, थंडा झाला. मंग आग थांबली. किती काळ थांबली मोजता येत नाही, पण थांबली होती. दगडाची माती झाली, तिच्यावर पाऊस पडला, झाडं आले. मंग पुन्हा वरून आग वाहत आली न् ते माती विटेसारखी भाजून काढली. तेच हे लाल. हा पट्टा नसता त आपल्याले वाटलं असतं, सारं एकाच दिवशी ओतलं. इथं पृथ्वीनं दम घेतला होता." मग प्रत्येकाला पट्ट्यावर नख मारायला सांगायचे. लाल भुकटी नखात भरायची. पोरी तिचे टिळे लावायच्या. मीही एकदा नख मारलं होतं. ओल्या खडूसारखं निघालं.

पट्टा दर पावसाळ्यात फुगायचा नि पोपडे टाकायचा. त्याच्या वरचा काळा दगड मग अधांतरी राहायचा. दादांनी ठरवलं, वरपासून पट्ट्याच्या खालपर्यंत विहीर सिमेंटने बांधून घ्यायची. गावातलेच देवानंद तायडे हे काम करायचे. बापाच्या वेळेपासून त्यांच्या घरात गवंडीकाम, गावातल्या बुद्धविहाराची भिंतही त्यांनीच उचललेली. काम सुरू झाल्याचं कळलं त्या रविवारी सर मला स्कूटरवर मागे बसवून गावाला गेले.

ते विहिरीत डोकावले. मग भावाला म्हणाले, "दादा, हे सारं झाकून टाकशीन?"

"पडते नं ते."

"एवढीशीच जागा सोड. पायरीच्या समोर. खिडकीएवढी. पोट्ट्याईले मंग काय दाखवू मी?"

दादांनी तायड्यांकडे पाहिलं. तायडे हसले. "घराले खिडक्या ठेवल्या लय. विहिरीले पयल्यांदाच ठेवून राहिलो, सर."

"ते माती कच्ची हाये, माईत हाये मले," सर म्हणाले. "पण चारी बाजूनं सिमेंट राहीन. काय होते?"

दादा विडी पेटवत होते. म्हणाले, "राहू दे, देवानंद. भास्करचे पोट्टे येतात पाहाले."

तायड्यांनी खिडकी अशी देखणी केली की काय सांगावं. कडा गुळगुळीत, वर छज्ज्यासारखी छोटी पडदी. सरांनी तिच्यावर हात फिरवला आणि लहान मुलासारखे खूश झाले. परतताना मोझरीला आम्ही चहाला थांबलो, तर तिथेही चहावाल्याला विहिरीतल्या खिडकीची गोष्ट सांगून झाली.

पुढे वर्षा-दोन वर्षांनी फाल्गुनात अवकाळी पाऊस झाला, गारांचा. सलग पडला. पाणी उघड्या पट्ट्यातून आत शिरलं असणार, सिमेंटच्या मागे. पाऊस उघडल्यावर मोटार पाणी ओढेना म्हणून दादा खाली उतरले. खिडकीतली माती आधी आली. तिच्यामागून वरचा काळा दगड आणि बांधकाम एकदम आलं.

आम्ही पोचलो तेव्हा जेसीबी चालू होता. दादांना बाहेर काढेपर्यंत सर विहिरीपासून लांब, तुराट्यांच्या ढिगाशी उभे होते. मी त्यांच्या शेजारी होतो. 

पंचनाम्याला पोलीस आले, माणसं जमली. कोणी म्हणालं, देवाची मर्जी. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं, त्या दिवशीही फिरलं. मग हळूहळू मर्जी देवावरून तायड्यांवर आली. सिमेंट कमी घातलं, मधे भगदाड ठेवलं, काम धड केलं नाही. देवानंद तायडे बाजूला मान खाली घालून उभे होते. कोणाच्या सांगण्यावरून खिडकी ठेवली हे ते बोलू शकत होते, पण मेलेल्या माणसाचं नाव आणि सरांचं नाव दोन्ही त्यांच्या तोंडातून निघेना. दादांचा मुलगा प्रवीण धावत गेला आणि त्याने तायड्यांची कॉलर धरली.

सर तेव्हा पहिल्यांदा हलले. माणसांमधून वाट काढत पुढे गेले.

"त्याले सोड, प्रवीण," ते म्हणाले. आवाज वर्गातलाच होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "खिडकी म्या ठेवाले लावली. देवानंदचा काही दोष नाही. दादाचाबी नाही. ते माती कशी हाये हे इथं मायाइतकं कोणालेच माईत नव्हतं. लिवून घ्या साहेब."

 प्रवीणने कॉलर सोडली. तायडे तिथेच खाली बसले आणि रडायला लागले. प्रवीण काकांकडे पाहत होता, आणि त्या दिवसानंतर तो त्यांच्याशी बोलला नाही. लग्नाकार्यात समोर आले तरी नाही.

वहिनींनी मात्र तेरवीच्या दिवशी एक प्रश्न विचारला. जेवणं झाली होती, माणसं पांगली होती, सर ओसरीवर बसले होते. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. रडून रडून आवाज बसला होता.

"भाऊजी, एक सांगा मले. इतके वर्स पोट्टे आणले तुमी. मी भाकरी टाकल्या. काय होतं तिथं पाहाले?"

या माणसाला मी त्या हातभर पट्ट्यावर तासभर बोलताना ऐकलं होतं. चहावाल्याला सांगताना ऐकलं होतं. मला वाटलं, आता तरी सांगा. त्यांना कळेल, तुमच्या भावालाही कळलं होतं, म्हणून तर त्याने राहू दे म्हटलं.

"माती होती, वयनी," सर म्हणाले.

वहिनी थोडा वेळ उभ्या राहिल्या. आणखी काही येईल म्हणून वाट पाहत असाव्यात. मग आत गेल्या.

सर कॉलेजात परत आले तेव्हा अंगठ्याचं नख कापलेलं होतं. मुळापर्यंत, मांस दिसेल इतकं. मी टेबलावरचा ओरखडा फाइलखाली झाकला, त्यांना दिसू नये म्हणून. त्या वर्षी इतिहासाचं प्रकरण त्यांनी एका तासात संपवलं. मास्तरची गोष्ट सांगितली नाही. आदल्या वर्षीच्या पोरांकडून सहलीबद्दल ऐकून एक मुलगी तासानंतर त्यांना गाठून म्हणाली, "सर, विहीर पाहाले कधी जाचं?" सर म्हणाले, "बुजवली ते."

निवृत्तीनंतर ते अकोल्याला मुलीकडे राहायला आले. माझीही तोपर्यंत अकोल्याला बदली झाली होती. आम्ही सकाळी मोर्णेच्या काठाने फिरायचो. नदीला पाणी कमी नि घाण जास्त. सर भाज्यांबद्दल बोलायचे, गुडघ्यांबद्दल बोलायचे, नातवाच्या शाळेबद्दल बोलायचे. वाटेत कुठे खोदकाम लागलं की पलीकडच्या बाजूने चालायचे. मी कधी विषय काढला नाही. एकदाच त्यांनी आपणहून विचारलं, "इतिहासवाले, तुमच्यात चुकलेल्या माणसाईचं काय करते?"

"पुस्तकात ठेवतो," मी म्हणालो.

"आमच्यातबी ठेवते," ते म्हणाले आणि पुढे चालू लागले.

गेल्या पावसाळ्यात सर गेले. झोपेतच गेले असं त्यांची मुलगी म्हणाली. ते आठवले की मला वर्गातले सर दिसायला हवेत, खडू खाली ठेवून थांबलेले. ते दिसत नाहीत. दिसतो तो त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातला एक दिवस.

वहिनींच्या नातीचा साखरपुडा होता, पातूरच्या पुढे घाट चढून गेलं की लागणाऱ्या एका गावात. गावाकडची मंडळी अकोल्याला आमच्याकडे उतरून पुढे निघाली. कोणी कोणत्या गाडीत बसायचं याचा गोंधळ झाला आणि माझ्या गाडीत पुढे सर, मागे वहिनी असं झालं. कोणी मुद्दाम बसवलं की जागाच उरली नव्हती, मला माहीत नाही.  मी गाणी लावली, मग बंद केली.

घाटात चौपदरी रस्त्याचं काम चाललं होतं. डोंगर उभा कापला होता. एका बाजूची वाहतूक सोडायची होती म्हणून झेंडी दाखवून आम्हाला थांबवलं. गाडी कापलेल्या कड्याला लागून उभी राहिली. काळा दगड, आणि त्याच्या मधून पार वळणापर्यंत गेलेला लाल पट्टा. विहिरीतल्यापेक्षा रुंद. उन्हात तो नुकताच कापल्यासारखा ओला दिसत होता. सर समोरच्या काचेतून सरळ पुढे बघत होते.

मागून आवाज आला. "हेच काय थे, भाऊजी?"

सरांनी मान वळवली नाही. "हो वयनी," म्हणाले.

मागचं दार उघडलं. मी नको म्हणेपर्यंत वहिनी उतरल्या होत्या. नवं लुगडं सावरत, खडीवरून एकेक पाऊल टाकत कड्यापाशी गेल्या. सरही उतरले आणि त्यांच्यामागे थोड्या अंतरावर जाऊन थांबले. मी काच खाली केली.

वहिनी पट्ट्याकडे वरून खाली, डावीकडून उजवीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे केला. कोणी सांगितलेलं नव्हतं, पण अंगठ्याचं नख त्यांनी मातीवर ओढलं. लाल भुकटी त्यांच्या लुगड्यावर पडली.

"हे त नखानं निघून राहिलं," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुमाले माईत होतं?"

"माईत होतं, वयनी."

त्यांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. "एवढ्यासाठी?" म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न पाहता गाडीत येऊन बसल्या. पदराने अंगठा पुसत राहिल्या. तो साफ झाल्यावरही पुसतच होत्या.

सर तिथेच उभे होते. दगड दिसला की ज्यांचा हात पुढे जायचा ते सर, तोंड कड्याकडे करून, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभे. कापलेलं नख असलेला अंगठा दुसऱ्या मुठीत आवळलेला होता. झेंडीवाल्याने हिरवी झेंडी केली. पुढच्या गाड्या निघाल्या, मागचे हॉर्न द्यायला लागले. मला हाक मारवेना.

शेवटी वहिनीच म्हणाल्या, "बोलवा त्याईले. उशीर होऊन राहिला."